पहिल्या नांगरटीचा मका

आबा उकिडवे बसले आणि त्यांनी मक्याचं एक जुनं धसकट धरून हलवून पाहिलं. ते उपटलं नाही. मग त्यांनी शेजारच्या मातीत बोटं खुपसली. बोटं मुठीपर्यंत आत गेली, तसं त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हितं मुरूम होता," ते म्हणाले. "कुदळ मारली तर ठिणगी उडायची."

"आता मारून बघा."

"कशाला मारू? बोट जातंय की." त्यांनी मूठभर माती काढून तळहातावर पसरली. त्यातून एक गांडूळ वळवळत निघालं, त्याला त्यांनी हलकेच परत भोकात सोडलं. "काळी झाली गं, शालन."

माझ्या बापाच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यापैकी होतं. मी त्या एका वाक्यावर फुगले आणि बोलत सुटले.

हे रान म्हणजे आमचं टेक. कोरेगाव तालुक्यात आमचं गाव, गावाच्या डोक्यावर ही टेकडी आणि टेकडीच्या खांद्यावर हा दीड एकराचा तुकडा. माझ्या नवऱ्याने साताऱ्यात दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि मला कळवायचं तेवढं विसरला, तेव्हा मी माहेरी परत आले. आबांनी मला घरात खोली दिली आणि करायला टेक दिलं. देताना देवळासमोर चार माणसांत म्हणाले होते, "रान पिकवणाऱ्याचं असतं. पिकवलंस तर तुझं." आबा गावातले पंच. दोन भावांची वाटणी असो की बांधाचं भांडण, लोक त्यांना बोलवायचे आणि त्यांचा शब्द मानायचे. मी तर त्यांची लेक. मी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

टेकावर जायला नुसती पायवाट होती. ट्रॅक्टर चढत नव्हता आणि आई गेल्यावर आबांनी बैल विकले होते. नांगरायचं कशाने? पहिल्या वर्षी मी आदल्या पिकाच्या धसकटातच काठीने भोकं पाडून मका टोकला. तो गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडला. गणपतीला पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ धनाजी बांधावर उभा राहून म्हणाला, "आक्के, मक्याला हळद तर लावलीस, आता नवरदेव कधी आणतीस?" नवऱ्याने टाकलेल्या बहिणीला भावाने करावा असा हा विनोद. गावाला तो फार आवडला. पुढे दोन वर्षं मी पाण्याला गेले तरी बायका हळदीचं विचारायच्या.

नांगर नसल्याने पीक गेलं, असंच मलाही वाटत होतं. मग आमच्या कृषी सहायक नलवडेबाई स्कूटीवरून आल्या, वर चढून आल्या, आणि त्यांनी मला धसकट उपटू दिलं नाही. "शालनताई, ही धसकटं कुजवायला मातीतल्या जिवाणूंना नत्र लागतं. ते आधी स्वतःचं पोट भरतात, मग पिकाचं. म्हणून मका पिवळा. दोन-तीन वर्षं खत जरा जास्त द्या, तण कापून तिथंच पाडा, पण जमीन उकरू नका. त्यांनी खाल्लेलं कुठं जात नाही. ते मातीत साठतं आणि नंतर हळूहळू पिकालाच मिळतं." मला नत्र दिसत नव्हतं आणि जिवाणूही दिसत नव्हते. पण बाईंनी मला ताई म्हटलं होतं आणि हळदीचं काही विचारलं नव्हतं, म्हणून मी ऐकलं. तिसऱ्या वर्षी पिवळेपणा कमी झाला. चौथ्या वर्षी खत निम्म्यावर आलं. पाचव्या वर्षी, म्हणजे त्या माघात, आबा टेकावर येऊन मातीत बोटं घालून बसले होते.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. आबा मन लावून ऐकत होते. ते कुणाचंही गाऱ्हाणं असंच ऐकायचे, मधे बोलायचे नाहीत.

"आन समज," शेवटी ते म्हणाले, "हितं कुणी नांगर घातलाच तर?"

मी हसले. "मग गंमतच. बाई म्हणत्यात, चुलीला फुंकर घातल्यागत हुतंय. माती उलथली की आत वारं शिरतं, साठलेलं समदं झपाट्यानं कुजतं आन नत्र एकदम मोकळं हुतं. पहिल्या साली मका असा येईल की बघणाऱ्याचे डोळं दिपतील. पर लाकूड बी तेवढ्याच झपाट्यानं संपतं. मागनं नुसती राख."

"म्हंजे पहिल्या साली जाळ हुतो म्हणायचा."

"हुतो. कुणीबी येड्यानं नांगरलं तरी हुतो."

"पहिल्या साली," आबा पुन्हा म्हणाले. त्यांनी हातातली माती भोकात भरली आणि वरून थापटली. मग काठी टेकत खाली उतरले. मला वाटलं, चला, एकदाचं बापाला पटलं.

धनाजी फाल्गुनात गावी परत आला. त्याची भोसरीची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली होती. बायको उज्ज्वला, दोन सुटकेस आणि एक टेबलफॅन घेऊन तो आला. माणूस म्हणून धनाजी वाईट नव्हता. तोंडाळ होता, पण पोटात काही ठेवणारा नव्हता. मी त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. खालची नदीकाठची जमीन आबांच्याच हातात होती, तीत धनाजीने लक्ष घालावं आणि टेक मी करावं, असं माझ्या डोक्यात सरळ होतं.

पाडव्याला आबांनी बाजीराव तात्यांना घरी बोलावलं. तात्या म्हणजे टेकाच्या खालचे आमचे शेजारी, आणि पंचातलेच एक. चहा झाला. आबा म्हणाले, "तात्या, तुमच्या समोर सांगतो. मी आता पिकलं पान. कुणाचं काय ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. खालचं रान धनाचं, त्यात वाद न्हाई. टेकाचा तेवढा शब्द मी शालनला दिलाय."

"दिलाय," तात्या म्हणाले. "आमी ऐकलाय."

"रान पिकवणाऱ्याचं, हा शब्द. शालननं पाच वर्षं पिकवलं. आता धना आलाय. त्यालाबी एक साल दिलं पाहिजे, न्हाईतर लेकाला न विचारता बापानं केलं असं हुईल. यंदा टेक धनानं करायचं, आपल्या रीतीनं, नांगरून. शालनच्या गेल्या सालापेक्षा जास्ती पिकलं तर त्याचं. न्हाई पिकलं तर शालनचं, आन मग त्यात कुणी बोलायचं न्हाई."

मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आले. "आबा, एका सालात काय कळणार? तीन सालं बघा. तीन सालं नांगरून त्यानं एवढं काढलं तर मी आपणहून देते."

"तीन सालं मी असंन का गं?" आबा अगदी साधेपणाने म्हणाले.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. तात्यांना म्हणाले, "तात्या, तुमी साक्षीला हाय म्हणून सांगते. यंदा धनाचा मका जोरात येणार. माझ्यापेक्षा जास्ती येणार. पर तो त्याचा नसंल. माझ्या पाच सालांचं त्यात निघंल."

तात्या आधी माझ्याकडे आणि मग आबांकडे बघत राहिले. मग पोट धरून हसले. "आरं, ही म्हणती भावाचं पीक जोरात येणार. मग भांडण कशाचं हाय?" धनाजीही हसला. उज्ज्वला तोंडाला पदर लावून आत गेली. आबा मात्र हसले नाहीत. ते कपबशी नीट ठेवत होते.

ट्रॅक्टरसाठी वाट हवी होती. मी पाच वर्षं ती मागत होते. मागितली की आबा म्हणायचे, तात्यांचा बांध मोडावा लागेल, उगाच तंटा नको. आता दोन दिवसांत बांध मोडला, जेसीबी आला, रस्ता झाला, आणि तंटा काही झाला नाही.

नांगरटीच्या दिवशी मी टेकावर गेले. जायला नको होतं, पण पाय राहिले नाहीत. दोन फाळांचा पलटी नांगर होता. तो जमिनीत उतरला आणि मी पाच वर्षं जपलेली माती काळ्या वड्या पाडत उलटी व्हायला लागली. धसकटं, मुळं, गांडुळं सगळं वर. खालच्या ओढ्यावरचे बगळे कुठून आले कोण जाणे, सगळा थवा ट्रॅक्टरच्या मागे चालत गांडुळं वेचत होता. गांडुळं इतकी की बगळ्यांना मान वर करायला सवड नव्हती. ट्रॅक्टरवाला ओरडून म्हणाला, "लई भुसभुशीत रान हाय, नांगर लोण्यात चालल्यागत चाललाय." धनाजीने मला बांधावर पाहिलं, तो जवळ आला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "आक्के, घरी जा. ऊन हाय."

मी ओक्साबोक्शी रडले असते तर बरं झालं असतं. पण रडू आलं नाही, राग आला. आणि तो राग घेऊन मी घरी जाऊन भाकऱ्या थापल्या, कारण ट्रॅक्टरवाल्याचं जेवण आमच्याकडे होतं.

मका आला. मी म्हटलं होतं तसाच आला. पोळ्यापर्यंत तो डोक्याच्या वर गेला. पानं अशी काळीभोर हिरवी की लांबून रान ओलं वाटायचं. धनाजीने खत जेमतेम टाकलं होतं, आणि तेही तो सगळ्यांना सांगत होता. एका ताटाला दोन-दोन कणसं, शेवटपर्यंत दाणे भरलेली. लोक संध्याकाळी फिरायला म्हणून टेकावर जायला लागले. खताच्या दुकानदाराने कणीस हातात दिलेला धनाजीचा फोटो काढून दुकानात लावला, त्याचीच एक प्रत चौकट करून आमच्या सोप्यात आली. हळदीची गोष्ट पुन्हा निघाली, पण आता ती अशी सांगत, की आक्काने पाच वर्षं हळद लावली आणि धनाने एका वर्षात लग्न लावलं.

मी जिथं जाईन तिथं सांगत होते, की हे मी पाडव्यालाच सांगितलं होतं, तात्यांना विचारा. तात्या म्हणायचे, "व्हय, बोलली हुती, जोरात येणार म्हणून." आणि पुन्हा हसायचे. माझं बोलणं खरं ठरलं होतं, आणि खरं ठरल्यामुळेच मी हरले होते. नलवडेबाई असत्या तर त्यांनी चार शब्द सांगितले असते. पण त्यांची वैशाखातच बदली झाली होती, आणि नव्या साहेबांना टेकडी चढायची हौस नव्हती.

मळणी झाल्यावर आबा मला म्हणाले, "शालन, शब्द तो शब्द." मी म्हणाले, "व्हय." कोरेगावला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. कायद्याने माझा हिस्सा होता, हे तिथल्या कारकुनाने मला दोनदा समजावून सांगितलं. वडिलोपार्जित म्हणून खालच्या रानातही होता, आणि कागदात दोन्ही रानं होती. मी म्हणाले, मी शब्दाला हरलेय, द्या पेन. बहिणीने हक्क सोडला की भावाने साडी-चोळी करायची रीत आहे. धनाजीने हिरवी साडी घेतली. मी घरी येऊन ती घडीसकट ट्रंकेत टाकली. पुढे तिची वाकळ शिवली, आणि ती वाकळही मी कुत्र्याच्या पिल्लांना घातली.

त्यानंतर मी त्या घरात राहिले नाही. पलीकडच्या गावात एका बाईंचं पडीक रान खंडाने, म्हणजे वर्षाचे पैसे ठरवून, केलं, शेजारी दोन खोल्या बांधल्या. तिथंही नांगर घातला नाही. तिथंही दोन-तीन वर्षं मका पिवळा पडला, तिथले लोकही हसले. हसण्याची मला सवय झाली होती.

आबांवर माझा राग नव्हता, हे लोकांना खरं वाटत नाही. मला वाटायचं, म्हातारा माणूस, डोळ्याला जे दिसलं त्याला भुलला. हिरवा मका बघून मोठमोठे भुलतात. ते आजारी पडले तेव्हा मी महिनाभर त्यांच्या उशाशी राहिले, त्यांचं सगळं केलं. शेवटच्या दिवसांत ते माझा हात धरून पडून राहायचे. मी त्यांचे पाय चेपता चेपता एकदा म्हणाले, "आबा, तुमी फसला, तुमचा काय दोष?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुखत असेल, असं मला वाटलं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. नागपंचमीला धनाजी मला माहेरी न्यायला आला. आमच्याकडे त्या दिवशी नांगर धरत नाहीत, रान उकरत नाहीत, भाजी चिरत नाहीत. वर्षातून एक दिवस सगळं गाव माझ्यासारखं वागतं. धनाजी मोटरसायकलवरून उतरला, पण घरात आला नाही. आधी माझ्या मक्यात शिरला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. त्याची दाढी पांढरी झाली होती.

"आक्के, तू काय टाकतीस गं रानात?"

"काय न्हाई."

"खोटं बोलू नगं. टेकाच्या मक्याची पानं खालनं पिवळी पडाय लागल्यात. टोकाकडनं शिरंनं पिवळं आत येतंया. पोत्यानं युरिया वततो, आठ दिस हिरवं दिसतं आन पुन्हा तेच. माती कशी झालीया, पाऊस पडला की पापुद्रा धरती. ते पहिल्या सालचं पीक पुन्हा कदी आलंच न्हाई."

"येणार न्हाईच. नांगर बंद कर. धसकटं राहू दे. दोन-तीन सालं पीक पिवळं दिसंल, लोक हसतील."

"आताबी पिवळंच हाय की."

"मग हसणं तेवढं नवीन."

तो कसंनुसं हसला. पायरीवर बसला. मी त्याला चहा दिला. त्याने तो बशीत ओतला, पण प्यायला नाही. मला त्याची कीव आली आणि मी म्हणाले, "तुझा तरी काय दोष? त्या मक्यानं आबांना फसवलं."

"आबांना?" धनाजी म्हणाला. "आबांना कोण फसवणार, आक्के?"

त्याने बशी खाली ठेवली.

"आता माणूस गेलं, सांगाय हरकत न्हाई. मी आलो तवा टेक मागितलंच नव्हतं. मी म्हणलं, आक्का करतीय तसं करू द्या, तिचं पोट हाय त्यावर. तर आबा म्हणले, तिला टेक दिलं तर उद्या कायद्यानं खालचंबी मागंल. तिला नुसतं न्हाई म्हणलं तर ती भांडंल, कोर्टात जाईल. पर हरली तर शब्दाची हाय, गप सही करंल." त्याने बशी लांब सरकवली. "मी म्हणलं, ती कशी हरंल? रान तर तिनं सोन्यासारखं केलंय. तर म्हणले, ते माझ्यावर सोड. तू फकस्त नांगर घाल. पहिल्या साली जाळ हुतो, शालननंच मला सांगितलंय. ती खोटं सांगायची न्हाई."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने काढली आणि कुत्र्यासमोर टाकली.

"आक्के, चल की आता," धनाजी म्हणाला. "उज्ज्वलानं पुरणाची दिंडं केल्यात."

"तू जा," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी पायरीवरच बसले. टेकावरचं ते माघातलं दुपारचं ऊन आठवलं, आबांनी परत भोकात सोडलेलं गांडूळ आठवलं, आणि वरून माती थापटणारा त्यांचा हात. नलवडेबाई गेल्यापासून मी इतकी वर्षं म्हणत आले होते, की माझं म्हणणं कुणालाच खरं वाटलं नाही. ते चूक होतं. सगळ्या गावात एका माणसाला ते शब्दन् शब्द खरं वाटलं होतं, आणि तो माझा बाप होता.